दिव्यांग प्रमाणपत्र आहे, तरी सोय का मिळत नाही? विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय कागदांची तयारी

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात दिव्यांग कर्मचाऱ्याचा अर्ज अडतो, तेव्हा बहुतेक वेळा प्रमाणपत्र जोडलेलं असतं. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स असते, त्यावर ५२ टक्के असा स्पष्ट आकडा असतो. तरी फाइल टेबलाटेबलांवरून फिरत राहते, कारण 'या बाईंना तिसऱ्या मजल्यावर पर्यवेक्षणाची ड्यूटी का देऊ नये?' या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात कुठेच नसतं. टक्केवारी लागते ती आरक्षणासाठी आणि सवलतींसाठी. कामाच्या जागी सोय हवी असेल तर दुसरा कागद लागतो: उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कामाच्या भाषेत लिहिलेलं पत्र. तो कागद कसा मिळवायचा आणि कुठे द्यायचा, ते इथे सांगितलं आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम २० (२) नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय (इंग्रजीत 'रीझनेबल अकोमोडेशन') आणि अडथळामुक्त वातावरण द्यायचं आहे. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं 'शासकीय आस्थापना' या व्याख्येत येतात. खासगी विद्यापीठाला कलम २१ खाली समान संधी धोरण करावं लागतं, आणि दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे त्या धोरणात लिहावं लागतं. खासगी ठिकाणी असाल तर पहिल्यांदा हे धोरण मागून घ्या.

४० टक्क्यांची अट सगळीकडे लावली जाते, ती इथे लागू नाही. ४० टक्के हा 'लक्षणीय दिव्यांगत्वा'चा निकष आहे, आरक्षणासारख्या गोष्टींसाठी. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की वाजवी सोय मागायला तो उंबरठा ओलांडावा लागत नाही. तिथे परीक्षार्थीला लेखनिक हवा होता, पण मुद्दा नोकरीतही तोच आहे. 'टक्के कमी आहेत' असा शेरा मारून अर्ज परत आला तर या निकालाचा उल्लेख करून पुन्हा द्या.

आणि एक छोटी गोष्ट. अर्जाच्या विषयात 'अकोमोडेशन मिळणेबाबत' असं लिहू नका. आवक टेबलावर त्याचा अर्थ निवासस्थान असा घेतला जाण्याची भीती असते, मग कागद क्वार्टर वाटणाऱ्या टेबलाकडे निघतो. 'कलम २० (२) नुसार कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मिळण्याबाबत' असं सरळ लिहा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

डॉक्टरांना तुमचा आजार माहीत असतो, तुमचं काम माहीत नसतं. 'मी विद्यापीठात क्लार्क आहे' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची आणि टेबल येतं. उन्हाळ्यात कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलायचे असतात, पर्यवेक्षणात तीन तास वर्गात फिरायचं असतं, दीक्षान्त समारंभाच्या आधी रात्री आठपर्यंत पदवी प्रमाणपत्रं लावायची असतात, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून एका कागदावर चार रकाने आखा: काम कोणतं, किती वेळा, एका वेळी किती वेळ, नेमकं काय अडतं. कर्तव्यसूची असेल तर ती समोर ठेवा, पण प्रत्यक्ष करावं लागणारं कामच लिहा. एक ओळ अशी दिसेल: 'परीक्षा पर्यवेक्षण. वर्षातून दोन सत्रं, प्रत्येकी साधारण १२ दिवस. सलग ३ तास उभं राहणं व फिरणं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अर्ध्या तासानंतर डावा पाय उचलला जात नाही.' अशा पाच-सहा ओळी पुरतात. जे काम त्रास न होता जमतं, तेही लिहा.

हा कागद घेऊन गर्दीच्या ओपीडीत रांगेत उभं राहू नका. पत्रासाठी वेगळी वेळ मागा. जुने कागद हाताशी नसतील तर रुग्णालयाला लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. मात्र आंतररुग्ण नोंदी जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे, त्यामुळे जुनी शस्त्रक्रिया असेल तर डिस्चार्ज कार्ड हाच आधार. त्याचं स्कॅन आजच करून ठेवा. थर्मल कागदावरचे ईसीजी आणि पावत्या पुसट होतात, त्यांची तर आधी झेरॉक्स काढा.

पत्रात काय हवं

लेटरहेड, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. नोंदणी क्रमांक नसलेलं पत्र आस्थापना विभाग परत करतो आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पत्र शक्यतो त्याच शाखेच्या तज्ज्ञाचं असावं, जवळच्या नातेवाईक डॉक्टरांचं नसावं. खासगी डॉक्टर चालतात. दिव्यांगत्वाची टक्केवारी खासगी डॉक्टर ठरवू शकत नाहीत, पण तुमच्या शरीराला काय झेपतं हे सांगायचा अधिकार उपचार करणाऱ्यालाच आहे.

मजकूर असा असावा:

'श्रीमती ______, वरिष्ठ लिपिक, यांच्यावर मी ______ पासून मल्टिपल स्क्लेरोसिससाठी उपचार करत आहे. शेवटची तपासणी दि. ______. आजार दीर्घकालीन असून लक्षणांत चढउतार होतात. सलग १५ मिनिटांपेक्षा अधिक उभे राहिल्यास डाव्या पायातील शक्ती कमी होते व तोल जातो. जिन्याने एका वेळी एकापेक्षा अधिक मजला चढू नये. उष्ण व कोंदट खोलीत सुमारे तासाभरात थकवा व अंधुक दिसणे वाढते. गार जागी विश्रांतीनंतर ते कमी होते. बसून करावयाचे संगणकाचे काम, लेखन, वाचन व हिशेब यांवर परिणाम नाही. या मर्यादा पुढील १२ महिने राहतील असा अंदाज असून त्यानंतर फेरतपासणी करावी.'

यातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. काय जमत नाही एवढंच लिहिलं की वरिष्ठांना वाटतं हा माणूस कामाचाच नाही, आणि मग फाइलवर 'सेवेत ठेवणे योग्य आहे काय?' असली टिपणी चढते. काय जमतं हे लिहिलं की काम बदलून देण्याचा रस्ता त्यांनाच दिसतो.

'हलके काम द्यावे' हे वाक्य पत्रात आलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या. हलकं म्हणजे काय? उत्तरपत्रिकेचा एक गठ्ठा हलका असतो, चाळीस गठ्ठे नसतात. 'ताण टाळावा', 'धावपळ करू नये', 'योग्य ती सवलत द्यावी' हीही त्याच माळेतली. आकडा हवा: किती मिनिटं, किती किलो, किती मजले, दिवसातून कितीदा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. डॉक्टर लिहून देतात, 'यांची बदली मुख्य इमारतीत करावी.' बदली हा प्रशासनाचा निर्णय आहे, आणि डॉक्टरांनी बदली लिहिली की संशय येतोच. डॉक्टरांनी मर्यादा लिहाव्यात, उपाय तुम्ही अर्जात सुचवावा. जिने चढता येत नसतील तर उपाय बदलीच असतो असं नाही. तळमजल्यावर टेबल दिलं तरी भागतं.

आजारानुसार कागद बदलतो

पाय कापलेला असेल किंवा पोलिओ असेल तर दरवर्षी नवा रिपोर्ट मागण्यात अर्थ नाही. कर्मचाऱ्याने निमूट आणून देत बसू नये. कागद जपून करावे लागतात ते बाकीच्या प्रकारांत.

ऐकण्याच्या बाबतीत ऑडिओग्राम लागतो, शक्यतो वर्षभरातला, श्रवणयंत्र लावून आणि न लावता. पण ऑडिओग्राम शांत खोलीत काढतात आणि विभागाची बैठक तशी नसते. पत्रात लिहून घ्या: 'समोरासमोर एका व्यक्तीचे बोलणे समजते, अनेक जण एकत्र बोलत असल्यास किंवा फोनवर समजत नाही.' कायद्याच्या अनुसूचीत बहिरेपणासाठी दोन्ही कानांत ७० डेसिबल आणि कमी ऐकू येण्यासाठी ६० ते ७० डेसिबल अशी मोजणी आहे. एकाच कानाने ऐकू येणाऱ्याला प्रमाणपत्र मिळणं म्हणूनच कठीण. चौकशीच्या खिडकीवर ऐकू न येणाऱ्या कानाकडून लोक बोलत असतील तर अडचण खरीच आहे, आणि टेबल फिरवून देण्याची सोय त्यालाही मागता येते.

डोळ्यांसाठी चष्म्यासह दृष्टी आणि पेरिमेट्रीचा रिपोर्ट, म्हणजे किती अंशांपर्यंत दिसतं ते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजारात दुपारी फळ्यावरची अक्षरं नीट वाचणारा माणूस संध्याकाळी आवारात खांबाला धडकतो, आणि सहकाऱ्यांना ते नाटक वाटतं. पत्रात 'मंद प्रकाशात स्वतंत्रपणे फिरता येत नाही' हे वाक्य हवंच. ते असलं की संध्याकाळच्या सत्राच्या ड्यूटीतून सूट मागता येते.

सिकलसेल हा अनुसूचीतल्या २१ प्रकारांपैकी एक. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भातल्या संस्थांत हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि इथे कागद सगळ्यात वाईट अवस्थेत असतात. सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी आहे. निदानासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट जोडा. जनुकीय आजार असल्याने तो एकदाच पुरतो. त्यात वाहक आणि रुग्ण यांतला फरक दिसतो. नुसता वाहक असणं हे दिव्यांगत्व नव्हे. दरवर्षी नवा हवा तो वेदनेच्या झटक्यांचा हिशेब. डॉक्टरांकडून असं लिहून घ्या: 'गेल्या १२ महिन्यांत ४ वेळा दाखल, प्रत्येक वेळी ३ ते ५ दिवस. झटका पूर्वसूचना न देता येतो. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी व अतिश्रम यांमुळे शक्यता वाढते.' प्रत्येक डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा. 'वारंवार आजारी पडतात' एवढं लिहिलं तर ते शिस्तभंगाच्या फाइलमध्ये जातं. चार तारखा लिहिल्या की ते वैद्यकीय कारण होतं. यावर मागायची सोयही साधी असते: मैदानावरची ड्यूटी नको, पाण्याची बाटली आणि मधली सुट्टी कॅप सेंटरवरही चालावी, अचानकच्या रजेचा अर्ज नंतर दिला तरी चालेल असा लेखी आदेश.

मानसिक आजारात पत्र मानसोपचारतज्ज्ञांचं घ्या, समुपदेशकांचं पत्र पूरक म्हणून लावा. मुख्य पत्रात आजाराचं नाव घालायची घाई करू नका. 'दीर्घकालीन आजार, रात्रीच्या औषधामुळे सकाळी सुमारे १० पर्यंत गुंगी राहते, त्यानंतर कामावर परिणाम नाही' एवढ्यावर हजेरीची वेळ एक तास पुढे मागता येते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तपशील मागितलाच तर वेगळ्या बंद लिफाफ्यात, 'गोपनीय' असं लिहून, कुलसचिवांच्या नावे द्या.

फिटनेस सर्टिफिकेट: तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध

वैद्यकीय रजेवरून परतताना डॉक्टर सवयीने लिहितात: 'फिट टू रिझ्यूम ड्यूटी.' पंधरा दिवसांनी तेच डॉक्टर लिहितात की रुग्णाने वजन उचलू नये. आस्थापना विभाग दोन्ही कागद शेजारी लावतो आणि विचारतो की यातलं खरं कोणतं? रुजू होण्याच्या दिवशीच 'खालील मर्यादांसह कामावर रुजू होण्यास योग्य' असं लिहून घ्या आणि मर्यादा त्याच कागदावर घ्या. डॉक्टरांना त्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढंच.

यूडीआयडी नसेल तर

सोयीसाठी ते बंधनकारक नसलं तरी काढून ठेवा, बाकी ठिकाणी लागतंच. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करा, फोटो, सही आणि आधार जोडा, जिल्हा रुग्णालय किंवा उपचार चालू असलेलं प्राधिकृत सरकारी रुग्णालय निवडा. टक्केवारी ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाचे वार ठरलेले असतात, आधी चौकशी करा. मूळ रिपोर्ट न्या. झेरॉक्सवर बोर्ड टक्केवारी देत नाही. कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं आणि ८० पासून पुढे निळं असतं.

दोन दिव्यांगत्वं असतील तर टक्के सरळ बेरजेत मिळत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा अ, लहान आकडा ब, तर अ + ब (९० − अ) ÷ ९०. म्हणजे ४० आणि ३० असतील तर ७० नव्हे, साधारण ५७. बोर्डाने फसवलं असं समजून लोक भांडतात ते बहुधा इथेच. हिशेब बरोबर असूनही मूल्यमापन पटत नसेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. खोटेपणाने लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नावं जुळतात का तेही बघा. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, केसपेपरवर घरगुती हाक, अशी तीन नावं एका फाइलमध्ये आली की पडताळणी थांबते. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत सुरुवातीलाच जोडा.

अर्ज कुठे, कसा

अर्ज एक पानी. पहिल्या परिच्छेदात पद आणि विभाग, दुसऱ्यात अडणारी कामं, तिसऱ्यात क्रमांक घालून मागण्या. सोबत डॉक्टरांचं पत्र, यूडीआयडी असेल तर त्याची प्रत, आणि त्या मागणीशी संबंधित असलेलेच रिपोर्ट. पूर्ण फाइल जोडू नका. गुडघ्यासाठी अर्ज करताना वंध्यत्वाच्या उपचारांचे कागद कार्यालयात फिरायचं कारण नाही.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांना, आणि आगाऊ प्रत थेट कुलसचिव कार्यालयात. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि कंत्राटी कर्मचारी यांनीही असाच अर्ज द्यावा; कलम २० नोकरीतल्या कुठल्याही बाबीबद्दल बोलतं, कायम-हंगामी असा भेद करत नाही.

कारणे दाखवा नोटीस येण्याची वाट पाहू नका. नोटिशीच्या उत्तरात पहिल्यांदा निघालेलं दिव्यांगत्व सबबीसारखं दिसतं. निवडणुकीच्या ड्यूटीचं मात्र विद्यापीठाच्या हातात नसतं. त्यातून सूट मागणारा अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे वेगळा करावा लागतो.

उत्तर आलं नाही तर कलम २३ खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवा. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. त्यापुढे जिल्हास्तरीय समिती, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, ज्यांचं कार्यालय पुण्यात आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठात असाल तर दिल्लीतले मुख्य आयुक्त.

आस्थापना विभागात बसणाऱ्यांसाठी

डॉक्टरांचं पत्र अपुरं वाटलं तर 'अपूर्ण' असा शेरा मारून परत करू नका, काय कमी आहे ते लिहा. शंका असेल तर मेडिकल बोर्डाकडे नुसतं 'तपासणी करून अहवाल द्यावा' असं पाठवू नका. बोर्ड पुन्हा टक्केवारीच लिहून देईल. कर्तव्यसूची जोडा आणि तीन प्रश्न विचारा: यातली कोणती कामं करता येत नाहीत, कोणत्या बदलासह करता येतील, ही स्थिती किती काळ राहील. आदेश काढताना आजाराचं नाव घालू नका. 'श्री. ______ यांना तळमजल्यावर टेबल देण्यात येत आहे' एवढं पुरे. आदेशाची प्रत सूचना फलकावर लागते हे लक्षात ठेवा.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर

वाहनचालकाची दृष्टी गेली, प्रयोगशाळा परिचराचा हात यंत्रात गेला. अशा वेळी घरी येऊन कुणीतरी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही मागतं, सहानुभूतीनेच. सही करू नका. कलम २० (४) नुसार शासकीय आस्थापना अशा कर्मचाऱ्याला काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, आणि तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपलीकडचं जादा पद, द्यायचं आहे. म्हणून बोर्डासमोर जाताना कागदावर कोणते शब्द येतात ते पाहा. 'सेवेसाठी कायमचे अपात्र' आणि 'वाहनचालक पदासाठी अपात्र, बैठ्या कामासाठी पात्र' या दोन ओळींत वीस वर्षांच्या पगाराचा फरक आहे.

एखादा सहकारी माहिती अधिकारात तुमचे रिपोर्ट मागेल, हेही गृहीत धरा. जन माहिती अधिकारी ते देण्याच्या विचारात असेल तर त्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत तुम्हाला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस द्यायची असते आणि उत्तराला तुम्हाला १० दिवस मिळतात. त्या १० दिवसांत 'ही माझी खासगी वैद्यकीय माहिती आहे, देण्यास माझी हरकत आहे' असं लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या.